विद्या साफ करून मिळेल

४ जून

ती. काका,

वाकून नमस्कार करायचा होता, पण नव्या खोलीत खोकी उचलताना पाठ धरली आहे. यावेळी बसूनच करते, चालवून घ्या.

बातमी आहे. चांगली की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून आधी तुम्हाला कळवते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्या देवघेवीच्या काउंटरवर मी इतकी वर्षं बसले, तिथे आता यंत्र बसलं आहे. मुलं पुस्तक त्याच्यासमोर धरतात, ते टुंग करतं आणि झालं. उशीर झाला तर 'आजी आजारी होती' असं त्याला कुणी सांगत नाही, त्यामुळे माझ्यापेक्षा ते नक्कीच कमी फसतं.

मला घरी पाठवण्याऐवजी ग्रंथालयप्रमुख बाईंनी एक नवी जागा काढून दिली: अभियांत्रिकी व डेटा ग्रंथपाल. संध्याकाळचे वर्ग करून मी जे प्रमाणपत्र मिळवलं, ज्याला तुम्ही 'टिंबीचे चोचले' म्हणत होतात, ते कामी आलं.

काम असं. अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि त्यांची मुलं सतत काहीतरी मोजत असतात. पूल किती थरथरतो, पाणी किती वेगानं वाहतं, लोखंड कधी तुटतं. ही सगळी मोजमापं म्हणजे डेटा. तो संगणकात 'शेवटचं', 'शेवटचं नवीन', 'खरंच शेवटचं' अशा नावांनी पडून असतो आणि काही वर्षांनी खुद्द मोजणाऱ्यालाही त्यातलं काही कळत नाही. मी त्यांना तो साफ करायला, नावं द्यायला, खुलासे जोडून जपून ठेवायला मदत करायची.

खोली तळमजल्यावर आहे आणि तिच्या मधोमध खांब आहे. टेबल दुसरीकडे कुठेच मावत नाही, म्हणून खांबाच्या अलीकडे मी आणि पलीकडे येणारा माणूस. बोलताना दोघांनाही मान वाकडी करावी लागते. अर्थात अजून कुणी आलेलंच नाही, त्यामुळे सध्या एकटीचीच वाकडी होते.

आता खरी गोष्ट. ही जागा फक्त या वर्षापुरती आहे. डिसेंबरात एक समिती बसेल आणि या खोलीचा कुणाला उपयोग होतो का ते पाहील. नसेल होत, तर जागा बंद. मागे जायला काउंटर नाही आणि या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? म्हणून मी एक पत्रक केलं आहे, प्राध्यापकांना आणि मुलांना वाटायला. मसुदा सोबत आहे. एवढं नजरेखालून घाला. एक शंका आहे: 'डेटा' लिहू की आपला 'विदा'? डेटा सगळ्यांना कळतो. विदा बरोबर आहे, पण कानाला निरोप दिल्यासारखा वाटतो. तुम्ही जे कराल ते मी डोळे मिटून छापीन.

तुमची
टिंब

१२ जून

चि. टिंबे,

मनगट लचकलं आहे, म्हणून मी सांगतो आणि तुझी काकू लिहिते. अक्षर तिचं, अक्कल माझी. (हे असंच्या असं लिही म्हणाले. लिहिलं. – काकू)

अनुस्वाराएवढी होतीस तेव्हा छापखान्यात माझ्या टेबलाखाली बसून शाईची बोटं भिंतीला पुसायचीस. आज विद्यापीठात तुझी स्वतःची खोली आहे आणि खोलीला खांब आहे! खांबाबद्दल तक्रार करू नकोस. पाठ टेकायला बरा.

तुझ्या पत्रात 'चालवून घ्या' आहे. आपण 'चालवून घेतो' ती सायकल. वडीलधाऱ्यांनी 'गोड मानून घ्यायचं' असतं. पुढच्या वेळी लक्ष ठेव.

पत्रक तपासलं. डेटा हा पाहुणा शब्द आहे. पाहुण्याला बसायला द्यावं, घराच्या किल्ल्या देऊ नयेत. जिथे जिथे तो होता तिथे आपला शब्द घातला आहे. (छान शब्द आहे. मला फार आवडला. आजूबाजूचं व्याकरणही जुळवून घेतलं. – काकू) पुन्हा वाचत बसू नकोस. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस आहे मी. बेलाशक छाप.

फोन करू नकोस. बोलण्याचं प्रूफ निघत नाही.

तुझा
काका

(मी कंसात लिहिते ते त्यांना कळवू नकोस हं. – काकू)

३ जुलै

ती. काका,

गोड मानून घ्या, असं म्हणणार होते, पण हे गोड मानायला फार मोठं मन लागेल.

पत्रक छापून आलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी ते पुन्हा वाचलं नाही. यात दोष तुमचा नाही, माझा आहे. ज्या कागदावर माझ्या खोलीचं नाव जातं तो मी स्वतः वाचायला हवा होता. दुसऱ्यावर विश्वास ठेवणं आणि स्वतःचं काम दुसऱ्यावर ढकलणं यातली रेघ कुठे असते, याचा मी चार दिवस विचार करते आहे.

काका, तुम्ही 'विदा' नाही घातलंत. तुम्ही 'विद्या' घातलंत. सगळीकडे. 'कच्चा'चं 'कच्ची' करून, 'जुना'चं 'जुनी' करून, व्यवस्थित. आता विद्यापीठाच्या प्रत्येक फलकावर लागलेलं पत्रक असं आहे:

"तुमची विद्या कच्ची आहे? आमच्याकडे आणा. साफ करून मिळेल.

जुनी विद्या उघडत नाही? घाबरू नका.

विद्या फार मोठी असून घरी ठेवायला जागा नसल्यास ग्रंथालयात सोय आहे.

दुसऱ्याची विद्या वापरताना त्याचं नाव द्या.

आपल्यामागे आपली विद्या कुणाला द्यायची हे आत्ताच ठरवा."

पहिल्या दिवशी एक मुलगी दारातून म्हणाली, "मॅडम, परीक्षा संपली की आमची आपोआप साफ होते. तरी यायला हवं का?" दुसऱ्या दिवशी तिघं आले. "आमच्या विभागप्रमुखांना पाठवू का? वेळ नाही लागणार, फारसं काही नाहीये." कुणीतरी दारावर चिठ्ठी लावली: 'येथे इस्त्रीही करून मिळेल.' प्रमुख बाईंनी बोलावून विचारलं, "प्रूफ कुणी पाहिलं होतं?" मी म्हटलं, "एका अनुभवी माणसानं." त्या म्हणाल्या, "अनुभव कशाचा?" काका, मी गप्प बसले.

आणि काल पुलाचे सर आले. त्यांचं सगळं आयुष्य पुलांवर गेलं, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. पत्रक हातात. खांबाच्या पलीकडून मान वाकडी न करता, खांबालाच म्हणाले, "कच्ची विद्या? कुणाला म्हणता तुम्ही? मी पूल बांधलेत, बाई!" मी खुलासा केला. एक अक्षर चुकलंय, खरा शब्द असा, अर्थ असा. ते ऐकून खुर्चीत बसले. जरा वेळानं वेगळ्याच आवाजात म्हणाले, "म्हणजे... जुनी मोजमापं उघडत नसतील तर... खरंच काही करता येतं?"

तर माझं पहिलं खरं गिऱ्हाईक हे. पण पुलाचे सर डिसेंबरच्या त्या समितीत आहेत.

रागावले नाही. फक्त समजत नाही. तुमच्या हातून एक अनुस्वार निसटलेला मी आजवर पाहिला नव्हता. मुद्दाम केलंत का?

टिंब

१० जुलै

चि. टिंबे,

मनगट अजून तसंच आहे. काकूच लिहिते.

मुद्दाम केलं! अर्थात मुद्दाम केलं! (मला इथे काही सांगायचं आहे. – काकू) 'विदा' हा काय शब्द आहे? विदा पाहुण्याला करतात. ज्या खोलीच्या दारावर 'विदा' लिहिलंय त्या खोलीत कोण थांबेल? लोक दारातूनच हात हलवून जातील. 'विद्या' म्हटल्यावर बघ, हसायला का होईना, आले की नाही? तुझे ते पुलाचे सर तणतणत आले, पण आले. सरळ, शुद्ध पत्रक वाचून आले असते? शुद्ध पत्रकं मी आयुष्यभर काढली. ती कुणी वाचत नाही. (पहिल्यांदा हे सगळं ठरलं तेव्हा असं काही म्हणाले नव्हते. – काकू)

तुला मी काय शिकवलं होतं? शब्द चुकीचा वाटला की त्यावर काट मारायची. पण काट मारल्यावर पुन्हा वाचायचं. आणि वाटलं की नाही, होता तोच बरा होता, तर काट खोडत बसायचं नाही. शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. खिळे जुळवणारा जुळारी समजतो. तू उगीच काट मारायची घाई करतेस, स्वतःवर तर फारच.

त्या सरांचं काम मन लावून कर. समितीत आहेत म्हणून नव्हे, गिऱ्हाईक आहे म्हणून.

अनेक आशिर्वाद.

काका

(कवळी बसवून बोला म्हटलं तर रागावतात. एवढंच लिहिते. – काकू)

६ ऑगस्ट

ती. काका आणि काकू,

हे पत्र दोघांना आहे. कारण खाली सांगते.

आधी पुलाचे सर. त्यांच्या एका जुन्या पुलावर मुलांनी दोन वर्षं यंत्रं लावून मोजमापं घेतली होती. ज्यानं ती नोंदवली तो मुलगा शिकून नोकरीला लागला आणि मागे राहिला आकड्यांचा डोंगर. रकान्यांची नावं एका अक्षराची: थ, भ, व, उ. थ म्हणजे थरथर, भ म्हणजे भार, व म्हणजे वारा. हे लागलं. उ म्हणजे? सर म्हणाले, "उष्णता. दुसरं काय? आकडे बघा की."

आकडे खरंच उष्णतेसारखे होते. दुपारी चारच्या सुमाराला पूल एकदम तापायचा. यावर सरांनी सिद्धांत मांडला आहे, की घरी परतणाऱ्या गाड्यांच्या घर्षणानं हे होतं. त्यावर त्यांचा निबंध स्वीकारला गेला आहे आणि लवकरच छापून येणार. सर या निबंधाबद्दल बोलतात तेव्हा खांबाच्या दोन्ही बाजूंनी दिसतात, इतके फुलतात.

मला चैन पडेना. खुलासा जोडल्याशिवाय रकाना जपून ठेवायचा नाही, हा माझा नियम. मी त्या मुलाला शोधून विचारलं. त्याचं उत्तर आलं ते तसंच्या तसं देते: "मॅडम, ते यंत्र जास्तीचं होतं. पुलावर लावलंच नव्हतं. चालतं का बघायला प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलं होतं. शेजारी आमची चहाची किटली असायची. उ म्हणजे उगाच."

काका, मी हसले. हसता हसता थांबले. चारला पूल तापत नव्हता, चहा व्हायचा.

हे आता मला आणि त्या मुलाला माहीत आहे. तो तिकडे दूर, त्याला काय त्याचं. सरांना सांगितलं तर निबंध बुडाला आणि समितीतलं त्यांचं मतही. नाही सांगितलं तर माझी जागा टिकेल, पण मग ही खोली कशासाठी टिकवायची, हे मला सांगता येणार नाही. मला स्वतःचा राग येतो तो याचा, की उत्तर माहीत असूनही मी दोन आठवडे रोज सकाळी नव्यानं विचार करते.

आता दुसरं. काकू, हे पत्र तूच मोठ्यानं वाचून दाखवत असशील, असा मला संशय आहे. तसं असेल तर इथून पुढे आणखी मोठ्यानं वाच.

काका, तुमच्या मागच्या पत्रात 'आशिर्वाद' आहे. शि ऱ्हस्व. तुम्ही एकदा छापखान्याच्या मालकाला त्याच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेवरून याच शब्दासाठी सगळ्यांसमोर सुनावलं होतंत. तुमच्या सहीच्या कागदावर ऱ्हस्व शि राहूच शकत नाही. म्हणजे तुम्ही तो कागद वाचला नाही. काकू तुमच्या पत्रात कंस घालते आणि तुम्हाला पत्ता नाही. सहीसुद्धा ओळ सोडून खाली उतरली आहे. मनगट लचकल्यावर सही तिरकी होईल, आंधळी कशी होईल?

तुम्हाला दिसत नाहीये ना? कधीपासून?

मी एक सौदा करते. मी पुलाच्या सरांना उ सांगते, तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळे दाखवा. दोघांनाही नको असलेलं काम आहे, तेव्हा बरोबरीचा व्यवहार आहे.

टिंब

१४ ऑगस्ट

चि. टिंब हिस,

हे पत्र माझं एकटीचं. हे शेजारी झोपलेत, म्हणजे झोपल्याचं दाखवताहेत.

तुझं पत्र वाचून दाखवलं. कंसांचं वाक्य गाळलं, बाकी सगळं वाचलं. ऱ्हस्व शि माझी. बाई, मी शाळेत शिवणकाम शिकवत होते, मला ऱ्हस्व-दीर्घाचं एवढं काय! ते ऐकून ताडकन उठून बसले. मग म्हणाले, "शि ऱ्हस्व होती? आणि गेली तशीच?" एखाद्याला घरात साप निघाला होता असं मागाहून कळावं, तसा चेहरा.

दिसेनासं होऊन वर्ष झालं. आधी म्हणायचे दिवा मंद आहे. मी दिवा बदलला. मग म्हणाले, हल्ली शाईच पातळ करतात. आता तर मला म्हणतात, "तू मोठ्यानं वाच, तुझा आवाज गोड आहे." लग्नाला इतकी वर्षं झाली, आवाज गोड असल्याचं आत्ता कळलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तुझ्या पत्रकाचं असं झालं. हे खुर्चीत बसून सांगत होते, "जिथे डेटा तिथे विदा." कवळी वाटीत. मला ऐकू आलं 'विद्या'. मला वाटलं, किती छान. सुधारून लिहिलं. 'कच्ची' वगैरे मीच केलं. तुझा घोटाळा कळल्यावर मी म्हटलं, "सांगा की तिला, माझी चूक झाली." तर म्हणाले, "मग ती विचारेल, तुम्ही पाहिलं कसं नाही." म्हणून तो सगळा 'मुद्दाम केलं'चा देखावा. तुझ्या नोकरीपायी रोज विचारतात मात्र, तिची समिती कधी.

डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की पोट दुखतं यांचं. तुझा सौदा ऐकून म्हणाले, "आधी टिंबीनं सांगू दे." म्हणजे आता तुझ्या हातात आहे बघ. लवकर काय ते कर.

मोतीबिंदू असावा, शेजारणीला होता तसाच दिसतो. बिंदू म्हणजे शेवटी टिंबच ना गं? आमच्या घरात टिंबांचा फार उपद्रव.

काकू

२ सप्टेंबर

ती. काका,

सांगितलं.

सर आले, पलीकडे बसले. पहिल्यांदाच मला तो खांब बरा वाटला, कारण चेहरा दिसत नव्हता. मी मुलाचं उत्तर वाचून दाखवलं. 'किटली'वर माझा आवाज जरा घसरला.

खांबापलीकडून आवाज आला, "रोज चारला?"

"रोज, असं तो म्हणतो."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीला प्रयोगशाळा बंद असणार, सर."

मग ते म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी पूल तापत का नाही, हे मला दोन वर्षं कळत नव्हतं. मी लिहिलं, त्या दिवशी लोक सावकाश गाडी चालवतात." आणि खांबावर बोटांनी दोनदा टकटक केलं. "हा भार घेतो बरं का. माझा नाही घेतला."

उठून गेले. निबंध मागे घेणार की नाही, काही बोलले नाहीत. त्यानंतर जिन्यात दिसले तर वरच्या पायरीकडे बघत निघून जातात. मला वाटत राहतं, की मी वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. 'किटली' हा शब्द टाळता आला असता का? 'गरम पेयाचं भांडं' म्हटलं असतं तर कमी लागलं असतं का?

असो. माझी बाजू पुरी झाली. आता तुमची. पोटदुखीची सबब चालणार नाही; डॉक्टर डोळ्यांचे आहेत, पोट बाहेर ठेवून जा.

टिंब

१९ ऑक्टोबर

टिंबे

माझं अक्षर. मोठं आहे. हसू नकोस.

एक डोळा झाला. पट्टी निघाली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती भिंतीवरची सूचना: 'चपला बाहेर काढाव्यात'. 'चपला'चा च उलटा चिकटवलाय. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे डोळा उत्तम."

मला सुरीची भीती नव्हती. मला वाटलं, ते म्हणतील, आता वाचून काय करायचंय या वयात, राहू दे तसंच. तसं काही म्हणाले नाहीत. तरुण माणूस आहे. दुसऱ्या डोळ्याची तारीखसुद्धा देऊन टाकली.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली. माझ्या पत्रांची नक्कल काकूनं ठेवली होती, तीही वाचली. अगं, कंस! केवढे कंस! माझ्या नावानं गेलेल्या कागदात ही बाई माझीच टिंगल करत होती. मी विचारलं तर म्हणते, "तुम्हीच म्हणालात ना, प्रूफ तूच बघ."

पत्रकही पाहिलं. कच्ची विद्या साफ करून मिळेल. मी एकटाच खोलीत हसत होतो. मग हसू गेलं. चूक माझी होती आणि बोलणी तू खाल्लीस. 'अनुभव कशाचा' या प्रश्नाला तू गप्प बसलीस, ते मी विसरणार नाही.

'किटली' बरोबर आहे. जी वस्तू आहे तिचं नाव घ्यावं.

समितीचं काय?

काका

(पुढचा डोळा पुढच्या महिन्यात. हे मी त्यांच्या देखत लिहिते आहे. – काकू)

१५ डिसेंबर

ती. काका, ती. काकू,

काल समिती बसली.

मी अहवाल दिला होता. कोण आले, कशासाठी आले, काय झालं. त्यात एक अडचण होती. पत्रक वाचून नुसते हसायला आलेले लोक उपयोगात धरायचे का? धरले तर आकडा छान दिसतो. प्रमुख बाई म्हणाल्या, "धरा की, खोलीत आले होते ना?" मला ते पटेना. वगळले तर तेही खोटं, कारण त्यांतलेच काही नंतर खरं काम घेऊन परत आले. इस्त्रीची चिठ्ठी लावणाराच त्याची हरवलेली मोजमापं शोधायला आला, आणि चिठ्ठी काढायला लाजत होता. शेवटी मी त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला. नाव दिलं 'उ'. आणि खाली खुलासा जोडला: उ म्हणजे उगाच आलेले.

समितीत अहवाल फिरत फिरत पुलाच्या सरांपर्यंत गेला. ते खाली खाली वाचत गेले आणि त्या ओळीपाशी थांबले. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि हसले. बाकीच्यांना कळेना काय झालं.

अध्यक्ष म्हणाले, "तुमचं मत?"

सर म्हणाले, "या बाईंनी माझा एक निबंध बुडवला. छापायच्या आधी मला तो मागे घ्यावा लागला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"छापून आला असता तर मी बुडालो असतो. माझे अजून बरेच निबंध आहेत. यांना ठेवा."

काका, मी तिथे रडले नाही. खोलीत येऊन खांबाला पाठ टेकून बसले. तुम्ही म्हणाला होतात तसा, बरा आहे.

जागा राहिली. पुढेही चालू. पण आता खरी पंचाईत. हुकूम आला आहे, नक्कल सोबत आहे. ज्यानं कुणी टाइप केला त्यानं पदाचं नाव फलकावरच्या पत्रकात तळाशी माझ्या नावाखाली होतं तसंच उतरवलं: 'अभियांत्रिकी व विद्या ग्रंथपाल'. सही-शिक्क्यासकट. प्रमुख बाई म्हणतात, दुरुस्तीला पाठवलं तर कागद पुन्हा समितीपुढे जाईल, आणि सर दुसऱ्यांदा हसतील याची खात्री नाही. दुसरीकडे, सगळ्यांना म्हणायचं 'नावं बरोबर द्या' आणि स्वतःच्या दारावर चुकीची पाटी लावायची, हे मला जमेल का? विद्या जपणारी असं म्हणवून घेण्याइतकी मी कोण? मोजमापं जपते, एवढंच.

म्हणून हा कागद तुमच्याकडे. यावेळी तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनी, कवळी बसवून. तुम्ही जे कराल ते मी करीन. पण आधी वाचीन.

टिंब

२२ डिसेंबर

चि. टिंब हिस,

दोन्ही डोळ्यांनी वाचलं. हुकूम परत पाठवतो आहे, तपासून.

'अभियांत्रिकी' बरोबर. दोन स्वल्पविराम जास्तीचे होते, काढले. 'करण्यात येत आहे' हे सरकारी भाषेत चालतं, सोडून दिलं.

मग तो शब्द. लाल पेननं काट मारली. हात आपोआप गेला, जुनी सवय. शेजारी 'विदा' लिहायला घेतलं. वि लिहिला आणि थांबलो. तुला शिकवलं होतं तसा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग तुझं पत्र वाचलं. किटली, उगाच, सुट्टीचा दिवस. माणसाला त्याची चूक अशी सांगायची, की तो तुला ठेवा म्हणेल. याला मोजमापं जपणं म्हणत असतील तुमच्यात. आमच्या छापखान्यात याला दुसरा शब्द होता.

तुझी काकू म्हणते, शब्द पहिल्यापासून तिचा होता, श्रेय तिला द्या. दिलं.

आता कागद उजेडात धरून बघ. माझी काट दिसेल. ती तशीच आहे, खोडलेली नाही. शब्दाखाली मी टिंबं दिली आहेत, आणि समासात, माझ्या अक्षरात:

राहू द्या.

काका